कोरडवाहू फळझाडं निवडताना पहिल्या उन्हाळ्याचं पाणी आधी मोजा

मृगाचा पाऊस झाला की रोपांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात. "पाणी लागत नाही, बघावं लागत नाही" असं सांगून सीताफळ, आवळा, चिंच विकली जाते. हे बोलणं चौथ्या वर्षापासून खरं आहे. पहिल्या वर्षी ते साफ खोटं आहे, आणि बागा जातात त्या पहिल्याच वर्षी. दिवाळीपर्यंत रोप हिरवंगार दिसतं. शेतकरी ज्वारी-हरभऱ्यात गुंततो. मार्चअखेर खड्ड्यात नुसती काडी उभी असते. रोग नसतो, कीड नसते. चार महिने कुणी पाणी घातलेलं नसतं.

म्हणून रोपं घेण्याआधी हा हिशेब करा. हलक्या रानात पहिल्या उन्हाळ्यात झाडामागे आठवड्याला 10 लिटर पाणी धरा. 100 झाडांना आठवड्याला 1,000 लिटर, म्हणजे 200 लिटरची 5 पिंपं. फेब्रुवारी ते मे मिळून सुमारे 17,000 लिटर. एवढं पाणी मेमध्ये कुठून आणणार, याचं उत्तर नसेल तर 100 ऐवजी 30 झाडं लावा. जगलेली 30 झाडं मेलेल्या 100 पेक्षा कधीही बरी.

आता निवड. कमी देखभालीचं झाड म्हणजे ज्याची भूक पावसाळ्यात असते आणि उन्हाळ्यात जे गप्प राहतं. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतं आणि पावसाबरोबर फुलतं. मुरमाड रानाला याच्यासारखं झाड नाही. बालानगर किंवा फुले पुरंदर ही जात घ्या. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात मात्र ते लावू नका. आवळ्याची फळधारणा वसंतात होते, पण फळ उन्हाळाभर झोपून राहतं आणि पाऊस आला की वाढतं. एकाच जातीचा आवळा लावला तर फळ नीट धरत नाही; कृष्णा, कांचन, एनए-7 यांतल्या दोन तरी जाती मिसळा. बांधाला चिंच (प्रतिष्ठान जात), कुंपणाला करवंद. मोसंबी, चिकू, केळी यांना कुणी "कमी कष्टाची" म्हटलं तर तिथून उठा.

बोराचं वेगळं सांगतो, कारण इथं पहिला उन्हाळा निम्मा सोपा होतो. पिशवीतलं बोर घेऊ नका. बोराचं सोटमूळ खोल जातं आणि पिशवीत ते वेटोळं होतं. खड्ड्यातच गावठी बोराचं बी टोका, रोप जागेवर वाढू द्या आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर उमराण किंवा मेहरूण जातीचा डोळा भरा, म्हणजे कलम करा. एक वर्ष मागे पडल्यासारखं वाटेल, पण मूळ खाली गेलेलं असतं.

लागवडीची कामं:
- खड्डा 60 × 60 × 60 सें.मी., उन्हात तापलेला
- 2 घमेली कुजलेलं शेणखत, 1 किलो सिंगल सुपर फॉस्फेट
- पिशवी पूर्ण काढणे, वेटोळी मुळं कापणे
- कलमाचा जोड जमिनीच्या वर
- काठीचा आधार
- जोडाखालची फूट दर महिन्याला काढणे

रोप गुडघ्याएवढंच घ्या. कमरेएवढं रोप महाग असतं आणि, माझ्या अंदाजाने, उन्हाळ्यात तेच आधी मान टाकतं; वर पाला जास्त, खाली मूळ तेवढंच.

दुकानदार हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे दाणे), ह्युमिक, मुळं वाढवणारी पाकिटं पुढे करेल. त्या पैशात मडकी घ्या. बुडाला बारीक भोक पाडून त्यात वात घाला, मडकं रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. बाजरीचं सरमाड किंवा उसाचं पाचट आळ्यात चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. चिकटून ठेवलं तर वाळवी थेट सालीवर येते. पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा करा. दुपारनंतरचं ऊन जास्त मारतं असं मला रानात दिसत आलंय. मार्चमध्ये केओलीन या पांढऱ्या मातीच्या भुकटीची 8 टक्के फवारणी (10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम) पानांतून उडणारं पाणी कमी करते. रस शोषणारी कीड दिसली तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क. महागडी बाटली लगेच नको.

राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान 50, 30 आणि 20 टक्के असं तीन वर्षांत मिळतं, आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांवर ठरतात. पहिल्या उन्हाळ्यात झाडं गेली की ते पैसेही गेले.

लागवड जुलैअखेर आटपा. सप्टेंबरात उरलेली रोपं निम्म्या भावात मिळतात, ती घेऊ नका. पाऊस ओसरायच्या आत त्यांचं मूळ खाली पोचत नाही. आणि मडकी आत्ताच सांगून ठेवा, मार्चमध्ये कुंभाराकडे माठांची गर्दी असते.