सिनिअर लिव्हिंगवाले स्कूटरला डिपॉझिट मागत होते, कसं सुटलं (अमेरिका)

आई न्यू जर्सीत सिनिअर लिव्हिंगमध्ये (ज्येष्ठांसाठीच्या निवासात) राहते, गुडघे पार गेलेत म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर वापरते. ऑफिसचं पत्र आलं, डायनिंग हॉलमध्ये स्कूटर आणायची नाही, आणि ठेवायची तर डिपॉझिट भरा, वेगळा लायबिलिटी इन्शुरन्सही (स्कूटरने कुणाचं नुकसान झालं तर त्यासाठीचा विमा) काढा. मॅनेजरला भेटलो, ईमेल टाकले, फोनवर भांडलो पण, उत्तर एकच, "पॉलिसी आहे". डोकं फिरायची वेळ आली होती.

चाललं ते असं. आधी डॉक्टरांचं छोटं पत्र घेतलं, चालणं फार मर्यादित आहे आणि स्कूटरशिवाय जेवायला जाता येत नाही एवढंच, आजाराची फाइल वगैरे जोडायची गरज नाही. मग लेखी अर्ज, विषयातच 'फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखाली रिझनेबल अकॉमोडेशनची मागणी' (म्हणजे अपंगत्वामुळे नियमात वाजवी सवलत; घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा हा कायदा १९६८ चा, अपंगत्व त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आलं). सोबत हुड (HUD, अमेरिकेचं गृहनिर्माण खातं) आणि जस्टिस डिपार्टमेंटचं २००४ चं संयुक्त निवेदन जोडलं, खरं काम यानेच केलं, कारण त्यात चक्क स्कूटरचंच उदाहरण आहे: डिपॉझिट नाही, इन्शुरन्सची अट नाही, नुकसान झालं तर मात्र भरपाई घेऊ शकतात. शेवटी लिहिलं की अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्या, नाहीतर हुडकडे तक्रार करतो. ती फुकट असते, पण घटनेपासून एका वर्षात करावी लागते.

हे सगळं सर्टिफाइड मेलने थेट कॉर्पोरेट ऑफिसला, मॅनेजरला फक्त कॉपी, त्याच्या हातात तसंही काही नसतं. हॉलमधली बंदी आणि दोन्ही अटी गेल्या, हॉलमध्ये स्पीड कमी ठेवा म्हणाले, ते ठीकच आहे.