हाय आरपीएमसाठी प्रेशर प्लेट घेताय? या चुका टाळा

प्रेशर प्लेट म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) स्प्रिंगनं दाबून धरणारा भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी घेऊन येणाऱ्या पोरांची मागणी बहुतेक ठरलेली: "सगळ्यात कडक प्रेशर प्लेट टाका." इथंच पैसे वाया जातात.

क्लचवर सर्वांत जास्त ताण येतो टॉर्क (इंजिनाची पिळाची ताकद) शिखरावर असताना, आणि ते शिखर रेडलाइनच्या, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेच्या, बरंच खाली असतं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, मधल्या आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी त्या मानानं पळाली नाही, तर क्लच घसरतोय. तरी लगेच प्लेट बदलू नका. मागचं ऑइल सील गळून क्लच प्लेटवर तेल आलंय का, पेडलला फ्री प्ले (थोडी मोकळी चाल) आहे का, ते आधी बघा. फ्लायव्हील लेथवर तासून आणलं असेल, तर प्रेशर प्लेटचं कव्हर बसायची कडही तेवढीच तासली का, हे विचारा. नुसता मधला भाग तासला तर नव्या प्लेटचाही दाब कमी पडतो.

मधे पकड घट्ट आणि फक्त ७००० च्या आसपास गिअर अडत असेल, तर दुखणं क्लच नीट न सुटण्याचं आहे. तिथं कडक स्प्रिंग आगीत तेलच. शिवाय पेडल दाबलं की तो भार क्रँकला मागंपुढं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो.

फिरण्यानं बाहेर फेकणारं बल आरपीएमच्या वर्गानं वाढतं. ३५०० चे ७००० झाले की चौपट. बोटांना (क्लच सोडवणाऱ्या लिव्हरना) वजनं लावलेली प्लेट त्यामुळं वेगात आणखी आवळते, पेडल दगडासारखं होतं. ड्रॅग रेसला ठीक, सर्किटला नको. तिथं डायफ्राम, म्हणजे एकाच थाळीसारख्या स्प्रिंगची प्लेटच बरी. पण तिची बोटं प्रमाणाबाहेर आत दाबली गेली, तर वेगात ती तिथंच धरून राहतात आणि पेडल वर येत नाही. उपाय स्वस्त आहे: पेडलखाली स्टॉपर.

आता धातू. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या गावाला बीड (कास्ट आयर्न) काय शिकवायचं! ग्रे आयर्नमधलं ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं, ताणाला कच्चं, एसजी (डक्टाइल) आयर्नमध्ये गोळ्यांसारखं. वेगात प्लेटची रिंग फुटली तर तुकडे बेल हाउसिंग (क्लचवरचं आवरण) फोडून पायाशी येतात. म्हणून एसजी किंवा स्टीलच मागा. तापून तडे गेलेली जुनी प्लेट घासून चकचकीत करून कोणी दिली, तर फुकटही घेऊ नका.

फ्लायव्हील आणि कव्हर एकत्र बॅलन्स करून खूण करा, त्याच खुणेवर बसवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. आणि त्याच संध्याकाळी जोतिबाच्या चढाला गाडी ताणू नका. पहिले काहीशे किलोमीटर गावातच, साध्या चालीनं.