लॉगिन स्क्रिप्ट नेमकी कोणाच्या हक्काने चालते?

नेटवर्क सांभाळायच्या कामात मी नवा होतो, तेव्हा विंडोजसाठी पहिली लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे कुणी लॉगिन केलं की आपोआप चालणारी आज्ञांची फाइल, लिहायला मिळाली. काम साधंच होतं: सामायिक फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर द्यायचं आणि एका प्रोग्रामची रजिस्ट्रीतली (विंडोज सेटिंग्ज साठवतं तिथली) नोंद बदलायची. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मी ती चालवून पाहिली. सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी लोकांच्या मशीनवर ड्राइव्ह आले, पण रजिस्ट्रीच्या ओळीला 'ॲक्सेस इज डिनाइड'.

दिवसभर मी स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसलो. खरं तर स्क्रिप्ट बरोबर होती. लॉगिन स्क्रिप्ट लॉगिन करणाऱ्याच्याच हक्काने चालते; ती डोमेन कंट्रोलरवरून (डोमेन म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमधली खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवरून) येते म्हणून तिला जादा अधिकार मिळत नाहीत. साध्या युजरला रजिस्ट्रीतला स्वतःचा एचकेसीयू भाग बदलता येतो, पण संपूर्ण मशीनचा एचकेएलएम भाग किंवा प्रोग्राम फाइल्स फोल्डर नाही.

तेव्हा दोन पळवाटा सुचतात. पहिली, सगळ्यांना लोकल ॲडमिन करून टाकायचं. मग एखादी घातक फाइल उघडली गेली, की तिलाही तेच अधिकार मिळतात. दुसरी, स्क्रिप्टमध्येच ॲडमिनचा पासवर्ड लिहायचा. मी तो लिहिलाही होता. शेजारच्या वरिष्ठांनी विचारलं, "ही फाइल कोण कोण वाचू शकतं?" नेटलॉगऑन शेअर, म्हणजे लॉगिन स्क्रिप्ट ठेवायचा सामायिक फोल्डर, डोमेनमधला प्रत्येक युजर वाचू शकतो, नाहीतर स्क्रिप्ट चालणारच नाही. मी तिथल्या तिथे ती ओळ काढली आणि पासवर्डही बदलला. ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून सेटिंग्ज लावायची सोय) हिच्या प्रेफरन्सेसमध्ये पासवर्ड साठवण्याची सोयसुद्धा याच धोक्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये बंद केली.

उपाय म्हणजे कामाची वाटणी. ड्राइव्ह, प्रिंटर, युजरच्या आवडीनिवडी हे लॉगिन स्क्रिप्टमध्ये. मशीनचं जे काही आहे, ते ग्रुप पॉलिसीच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये. ती मशीन सुरू होताना लोकल सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या, पूर्ण हक्क असलेल्या खात्याने चालते. इथे नवे लोक हमखास अडकतात: ही स्क्रिप्ट नेटवर्कवरची फाइल मागते ती कॉम्प्युटर खात्याच्या, म्हणजे डोमेनमधल्या त्या मशीनच्या स्वतःच्या खात्याच्या, नावाने. म्हणून इन्स्टॉलर ठेवलेल्या शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला वाचण्याची परवानगी द्या. फक्त वाचण्याची. तिथली फाइल कुणी बदलू शकलं, तर त्याला प्रत्येक मशीनचा ताबा मिळालाच समजा.

लॉग फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी लिहू नका, साध्या युजरला तिथे फाइल बनवता येत नाही. युजरचा टेम्प फोल्डर वापरा. पॉलिसी लागू झाली की नाही, ते जीपीरिझल्ट ही कमांड सांगते.

आणि चाचणीसाठी एक साधं, कुठलेच जादा हक्क नसलेलं खातं आजच मागून घ्या. मी तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्ट आधी त्याच खात्यावर चालवतो.