ओपीडीत गर्भाशयातला पॉलिप (अस्तरावरची गाठ) काढायला येण्याआधी

तारीख घेतानाच पाळीचा हिशोब करा. पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतरचे लगेचचे दिवस चांगले, कारण गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं आणि पॉलिप नीट दिसतो. दिवस गेल्याची जराशी शंका असली तरी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगा, स्वतःच्या मनानं त्या बंद करू नका.

मग विचारा, काढणार कशानं? हाच प्रश्न बहुतेकींचा राहून जातो. बारीक देठाचा छोटा पॉलिप दुर्बिणीतून कात्री-चिमट्यानंही सहज निघतो. मोठा असेल तर बायपोलर, म्हणजे विजेवर कापणारं उपकरण, किंवा मॉर्सलेटर, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणारं उपकरण. बायपोलरनं देठ कापला तरी अख्खा पॉलिप गर्भाशयाच्या अरुंद मुखातून ओढून काढावा लागतो. मॉर्सलेटर कापता कापताच तुकडे शोषून घेतो. ब्रिटनमध्ये १२१ स्त्रियांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॉलिप पूर्ण निघाल्याचं प्रमाण मॉर्सलेटरनं ९८ टक्के, विजेच्या उपकरणानं ८३ टक्के होतं. मॉर्सलेटरनं वेळही निम्म्याच्या आसपास लागला, दुखलंही कमी. तो सगळीकडे नसतो, म्हणून आधीच विचारायचं. दुर्बिणीशिवाय नुसतं क्युरेटिंग, म्हणजे न पाहता अस्तर खरवडणं, सुचवलं, तर मात्र कारण विचाराच, त्यात पॉलिप सुटून जातो.

भूल देऊन की ओपीडीत, हेही ठरवून घ्या. २०१५च्या ५०७ जणींच्या चाचणीत ओपीडीत १९ टक्के, तर भूल देऊन ७ टक्के स्त्रियांचा पॉलिप काढता आला नाही. तेव्हा ‘राहिला तर पुढे काय?’ याचं उत्तर घेऊनच या.

त्या दिवशी उपाशी राहायचं का, ते विचारून घ्या. नुसत्या ओपीडीसाठी सहसा लागत नाही, हलकं खाल्लेलं बरं, रिकाम्या पोटी चक्कर येते. वेदनाशामक गोळी साधारण तासभर आधी, पण दमा, अल्सर किंवा ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरायचं साधन) न लावता दुर्बीण घालता येईल का, हे जरूर विचारा, त्यानं दुखणं कमी होतं. आत नीट दिसावं म्हणून सोडलेलं सलाइन बाहेर गळतं, म्हणून पॅड आणि जादा कपडे आणा. सोबत कुणीतरी हवंच.

मी टेबलाच्या उशाशी उभी असते. ओठ घट्ट मिटून, चादर मुठीत धरून सोसणाऱ्या कितीतरी जणी पाहते, त्यांना सांगते, ‘थांबा’ म्हणा, आम्ही थांबतो. खुणेसाठी हात वर करायचं आधीच ठरवा.

निघताना तपासणीला जाणाऱ्या तुकड्याच्या बाटलीवर आपलंच नाव आहे ना, हे पाहा आणि रिपोर्टची तारीख लिहून घ्या. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढत जाणारं दुखणं किंवा जास्त रक्तस्राव झाला, तर त्या तारखेची वाट न पाहता लगेच या.