अकाउंट उद्या बंद पडलं तर? स्वतंत्र क्रिएटर्सनी आधीच उरकून ठेवायची कामं

लिहिणारे, गाणारे, व्हिडिओ करणारे, पॉडकास्टवाले, सार्वजनिक प्रश्नांवर सातत्याने पोस्ट टाकणारे, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितोय. फॉलोअर किती ते जरा बाजूला ठेवा आणि एवढंच बघा की उद्या सकाळी लॉगिनच झालं नाही तर हातात काय उरतं. बहुतेकांच्या हातात काहीच उरत नाही.

उगाच घाबरवत नाहीये. फुकट वेबसाइट बनवून देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, वाइनवर सहा-सहा सेकंदांचे व्हिडिओ करून नाव कमावलेल्या पोरांचं ॲप जानेवारी २०१७ मध्ये गेलं, गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस २०१९ मध्ये. गाणी टाकायचं जुनं सोशल नेटवर्क मायस्पेस तर बंदसुद्धा झालं नव्हतं, नुसतं सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळातली गाणी उडाली, सुमारे ५ कोटी गाणी असं २०१९ मध्ये बातम्यांत आलं होतं. त्यातली साधारण ४ लाख ९० हजार इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर परत आली, तीही कुठल्यातरी अभ्यासगटाने आधी उतरवून ठेवली होती म्हणून. ज्यांच्याकडे ओरिजिनल फाइल नव्हती त्यांचं गेलं ते गेलंच. त्यामुळे तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा खालची कामं या शनिवार-रविवारी उरकून टाका, एका दमात होणार नाहीत पण सुरुवात तरी होईल.

आधी डेटा उतरवा, आणि उतरवलेला उघडून बघा

जवळपास प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खोल "तुमची माहिती डाउनलोड करा" असा पर्याय असतो. गूगलचं टेकआउट २०११ पासून आहे, आणि २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाल्यावर, ज्यात आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला आहे, बाकीच्यांनाही हे नीट द्यावं लागलं. रिक्वेस्ट टाकली की काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी लिंक येते आणि ती लिंक ठरावीक दिवसच चालते, म्हणून मेल आला की लगेच उतरवून घ्या, "बघू नंतर" म्हणालात की परत पहिल्यापासून.

फॉरमॅट विचारतात तेव्हा एचटीएमएल आणि जेसन असे दोन पर्याय दिसतात. एचटीएमएल आपल्याला ब्राउझरमध्ये वाचायला बरं, जेसन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला बरं. मी म्हणेन दोन्ही घ्या, कारण आपल्या भाषेपुरती इथे एक गंमत आहे जी फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. काही प्लॅटफॉर्मची जेसन फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी उलट्या तिरक्या रेघा, शून्यं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब माळ दिसते, एक "क" म्हणजे असे तीन तुकडे. लोक घाबरतात, की झालं, सगळं लिखाण खराब झालं. खराब झालेलं नसतं. मजकूर असतो यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत, एका मराठी अक्षराला तीन बाइट) पण फाइल बनवताना एकेका बाइटला स्वतंत्र अक्षर समजून लिहिलेलं असतं, म्हणून त्या तुकड्यांचे परत बाइट करून यूटीएफ-८ म्हणून वाचले की अक्षर न् अक्षर परत येतं. प्रोग्रामिंग येणाऱ्या मित्राला एवढं वाक्य सांगा, त्याचं दहा ओळींचं काम आहे. आणि एचटीएमएल घेतलेलं असेल तर निदान वाचता तरी लगेच येतं.

दुसरं म्हणजे फोटो आणि व्हिडिओ बघा. बऱ्याचदा तुम्ही चढवलेली फाइल परत मिळतच नाही, त्यांनी दाबून लहान केलेली मिळते, नावाच्या जागी नुसते आकडे. म्हणून प्लॅटफॉर्मवरून उतरवलेलं ते बॅकअप नव्हे, तो शेवटचा आधार. खरा बॅकअप म्हणजे अपलोड करायच्या आधीची फाइल. व्हिडिओचं मूळ फुटेज, गाण्याची वेव्ह फाइल, लेखाचा साधा मजकूर, थंबनेलची एडिट होणारी फाइल, तारखेच्या फोल्डरमध्ये.

फोटोग्राफर मंडळी पाळतात तो ३-२-१ चा नियम इथेही चालतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आणि कृपा करून सिंक म्हणजे बॅकअप समजू नका, फोनवरून चुकून डिलीट झालं की क्लाउडवरूनही तेवढ्याच तत्परतेने डिलीट होतं. दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधली कुठलीही एक फाइल काढून चालवून बघायची, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही ते देवालाच माहीत.

स्वतःचा पत्ता

डोमेन घ्या, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव. वेबसाइट साधी असू दे, एक पान असू दे, किंवा सध्या नुसतं तुमच्या चॅनलकडे वळवलेलं असू दे, पण लोकांना सांगायचा पत्ता तो. उद्या चॅनल बदललं तर वळण बदलायचं, बायो, व्हिजिटिंग कार्ड, जुन्या पीडीएफ यातली लिंक तीच राहते.

आता यात लोक कुठे फसतात ते सांगतो. डोमेन घेतलं, मग त्याच डोमेनवर छान ईमेल काढला, आणि हौसेने डोमेनच्या अकाउंटलाही तोच ईमेल लावला. कार्ड बदललं, ऑटो-रिन्यू फेल झालं, डोमेनची मुदत संपली, ईमेल बंद. आता पासवर्ड रीसेटची लिंक येणार कुठे? त्याच बंद पडलेल्या ईमेलवर. वर सोशल अकाउंटचे रिकव्हरी मेलही त्याच पत्त्यावर लावलेले असतील तर एका धाग्यात सगळंच उसवतं, आणि नंतर दुसऱ्या कोणी ते डोमेन उचललं तर तुमचे रीसेट मेल त्याच्याकडे जाणार. म्हणून डोमेनच्या अकाउंटला वेगळ्या सर्व्हिसवरचा ईमेल लावा, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर विचारला जाणारा दुसरा कोड) लावा, त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा, फक्त फोनमध्ये नको. डॉट कॉमसारखं डोमेन एकदम जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं, नावाला महत्त्व असेल तर लांबची मुदत घ्या. मुदत संपून काढून टाकलं गेलं तरी साधारण ३० दिवसांची सोडवून घ्यायची मुदत असते, पण तिचा दंड जबर असतो.

वेबसाइट कोणा ओळखीच्याने करून दिली असेल तर आजच विचारा की डोमेन कोणाच्या नावावर आहे. संकोच वाटतो, कळतं मला, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सरळ सांगा की माझ्या नावावर करून दे. भांडण झाल्यावर विचारण्यापेक्षा चहाच्या वेळी विचारलेलं बरं.

वाचक आणि श्रोते तुमच्या यादीत हवेत

फॉलोअरचा आकडा तुमचा नसतो, कोणाला काय दिसणार हे अल्गोरिदम ठरवतं आणि तो बदलला की रीच रातोरात बसते. ईमेल जुना आहे, कंटाळवाणा आहे, पण मधे बसून ठरवणारा कोणी एकटा मालक नाही आणि यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उचलून दुसऱ्या सर्व्हिसवर नेता येते. न्यूजलेटरची सर्व्हिस निवडताना बाकी टेम्प्लेट वगैरे नंतर बघा, आधी एक्स्पोर्टचं बटण शोधा, ते नसेल तर पुढे जाऊच नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं केलंय, जीमेलचा हिशोब दिवसाला ५,००० मेलचा आहे. तुमची यादी शंभराची असली तरी ते सेट करून ठेवा, मेल स्पॅममध्ये जायचं प्रमाण कमी होतं. आणि कोणाचा ईमेल न विचारता यादीत घुसवू नका, एका "स्पॅम" बटणाचा राग सगळ्या यादीला भोवतो.

पॉडकास्ट असेल तर तुमची खरी मालमत्ता म्हणजे आरएसएस फीडचा पत्ता, म्हणजे नवे भाग आले की ॲप्स जी यादी वाचतात तिचा पत्ता. २०१३ मध्ये असे फीड वाचायचं गूगल रीडर बंद झाल्यावर आरएसएस मेलं असं सगळे म्हणत होते, पण पॉडकास्टची बहुतेक ॲप्स आजही त्यावरच चालतात. होस्ट (जिथे पॉडकास्टच्या फाइल ठेवता ती सर्व्हिस) बदलताना जुनं अकाउंट बंद करायच्या आधी तिथून नव्या फीडकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याची सूचना, लावून घ्या आणि काही आठवडे तसंच राहू द्या, नाहीतर ॲप्स जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसतात आणि श्रोत्यांना वाटतं तुम्ही काम सोडलं.

मॅस्टोडॉनसारख्या, वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणाऱ्या सोशल नेटवर्कवर फॉलोअर घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

सार्वजनिक प्रश्नावर लिहीत असाल तर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे गेलेलं परत बनवता येत नाही. सरकारी नोटीस, एखाद्या संस्थेचं निवेदन, नेत्याची पोस्ट, तुम्ही लिंक दिली आणि आठवड्याने पान बदललं किंवा उडालं, मग कमेंटमध्ये तुम्हीच खोटे ठरता. म्हणून लिंक वापरायच्या आधी ती इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणारी सेवा) सेव्ह करा, तिथे "सेव्ह पेज नाऊ" म्हणून चौकट आहे, पत्ता टाकला की त्या क्षणाची तारीख-वेळेसकट प्रत बनते. लॉगिनच्या मागचं पान तिथे सेव्ह होत नाही, आणि साइटच्या मालकाने विनंती केली तर प्रती काढल्याही जाऊ शकतात, त्यामुळे जोडीला स्वतःची पीडीएफ आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट ठेवाच.

स्वतः काढलेला फोटो-व्हिडिओ असेल तर मूळ फाइलला हात लावू नका, क्रॉप, फिल्टर सगळं कॉपीवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि वेळ-जागा-कॅमेऱ्याची आतली नोंद, म्हणजे एक्झिफ, निघून जाते. पुरावा म्हणून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अजून एक पायरी करता येते: फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढायचा, तो ६४ अक्षर-आकड्यांचा ठसा असतो, फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. तो ठसा त्याच दिवशी एखाद्या विश्वासू माणसाला मेल करून ठेवा, पुढे कोणी "एडिट केलंय" म्हणालं तर निदान त्या दिवसानंतर फाइल बदललेली नाही हे दाखवता येतं.

पण हीच आतली नोंद उलटतेही. २०१२ मध्ये पळून लपलेल्या, मॅकॅफी अँटिव्हायरसच्या जनक जॉन मॅकॅफीचा फोटो एका मासिकाने वेबसाइटवर टाकला आणि फोटोतल्या जीपीएसवरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. तुमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं असं होऊ देऊ नका. मूळ फाइल स्वतःकडे, जगासमोर जाणारी प्रत नोंद पुसलेली, एवढं पाळलं तरी खूप झालं.

नाव-चेहरा झाकतानाही डोळ्यात तेल घाला. पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर तसाच असतो, सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर, भल्या भल्या ऑफिसांनी हे हात दाखवून अवलक्षण केलेलं आहे. फोनमधल्या हायलायटरने नाव काळं केलं तर ब्राइटनेस वाढवून वाचता येऊ शकतं. ब्लरवर भरवसा नको. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनच्या एडिटरने क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटमधला कापलेला भागही थोडाफार परत काढता येतो हे उघड झालं, कारण नवीन लहान चित्र जुन्या फाइलवर लिहिताना उरलेली शेपटी तशीच राहत होती. उपाय अगदी बाळबोध आहे, पूर्ण अपारदर्शक चौकोन टाका आणि मग त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट काढून तोच वापरा.

एआय आणि लायसन्स, थोडक्यात

स्वतःच्या डोमेनवर रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल ठेवता येते, जी साइट वाचणाऱ्या बॉटना काय वाचू नका ते सांगते, १९९४ पासूनची पद्धत आहे, आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२३ मध्ये आपल्या बॉटचं नाव जीपीटीबॉट म्हणून जाहीर केल्यावर त्यात नाव घेऊन नाही म्हणता येतं. ती विनंती आहे, कुलूप नाही, न ऐकणारे ऐकत नाहीत. पण दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर तर विनंतीही तुम्हाला करता येत नाही, तिथे त्यांच्या अटी चालतात, त्या अटींमधला लायसन्सचा परिच्छेद एकदा तरी वाचा.

क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे इतरांना तुमचं काम ठरावीक अटींवर वापरू देणारं लायसन्स, लावणार असाल तर खुशाल लावा, पण एक लक्षात ठेवा की दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही. उद्या तुम्ही ते काढलंत तरी आधी ज्याने घेतलं त्याचा हक्क राहतो. म्हणून कमाईचं काम आणि मुक्त सोडायचं काम पहिल्यापासून वेगळं ठेवा.

आणि आपण नसताना

याबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही. गूगल २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट काढून टाकू लागलंय. इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये जाऊन किती महिन्यांनी कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते भरा, ॲपलवर लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यामागे अकाउंट उघडू शकणारा माणूस) नेमा, आणि डोमेन कुठे घेतलंय, यादी कुठे आहे, हार्ड डिस्क कुठल्या कपाटात आहे हे एका कागदावर लिहून घरातल्या ज्या माणसाला कॉम्प्युटर थोडाफार कळतो त्याला दाखवून ठेवा. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका, पासवर्ड मॅनेजरचा (पासवर्ड जपणाऱ्या ॲपचा) इमर्जन्सी ॲक्सेस त्यासाठीच असतो.