ई-टाइपचा मागचा पिंजरा उतरवताना

जग्वार ई-टाइपच्या मागच्या ब्रेक डिस्कवर तेलाचे ओघळ दिसले, तर डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) बाजूची, तेल अडवणारी सील गेली असं धरून चाला. १९६१ साली आलेल्या या गाडीत मागचे ब्रेक चाकांपाशी नाहीत, डिफरन्शियलला चिकटून आहेत. ब्रेकची सगळी धग सीलला लागते, रबर कडक होतं आणि तेल थेट डिस्कवर उतरतं. हे काम पुढे ढकलू नका.

जागच्या जागी सील बदलायचा प्रयत्न मी एकदा केला. दोन दिवस गाडीखाली पडून होतो, तरी कॅलिपरच्या (डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागाच्या) बोल्टांना पाना नीट बसेना. तेव्हापासून मी अख्खा पिंजराच, म्हणजे डिफरन्शियल, ब्रेक आणि मागचं सस्पेन्शन धरून ठेवणारी लोखंडी चौकट, खाली घेतो.

बॉडी भक्कम स्टँडवर उंच ठेवा. चाकं, एक्झॉस्ट, ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, अँटीरोल बारच्या लिंक, रेडियस आर्मची पुढची टोकं आणि प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट सोडवा. पिंजऱ्याखाली ट्रॉली जॅक आणि जाड फळी लावूनच चारही रबर माउंट सुटे करा. पिंजरा फार जड आहे, सोबत माणूस हवाच.

हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) काढताना फ्लँजमागच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, डाव्या-उजव्या वेगळ्या बांधून ठेवा. हा शाफ्टच सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचं काम करतो, त्यामुळे चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, याच शिमांवर ठरतो.

खरी परीक्षा खालच्या विशबोनच्या (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या) बाहेरच्या शाफ्टची. गंजाने तो असा धरतो की हलता हलत नाही. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस मुरू द्या. ठोकताना नट टोकाशी सपाटीला येईल इतका आटीवर चढवून ठेवा, नाहीतर आटे चेपतात. हा शाफ्ट ज्यात बसतो तो हब कॅरियर ॲल्युमिनियमचा आहे, त्याच्यावर घाव पडू देऊ नका.

सील बदलताना डिफरन्शियलच्या शाफ्टवर, सील टेकते तिथे, नख फिरवून बघा. खाच लागली तर नवी सीलही गळेल. आणि डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचं छिद्र, साफ करायला विसरू नका. तो बुजला की आतला दाब तेल सीलमधूनच बाहेर ढकलतो. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल तर त्याला चालणारंच तेल भरा.

रेडियस आर्मचे बोल्ट शेवटचे आवळा, तेही गाडी चाकांवर उतरवल्यावर. अधांतरी आवळले तर बुशचं रबर पिळलेलंच राहतं. ब्रेकमधली हवा काढा, जवळच एक फेरी मारा आणि टॉर्च घेऊन डिस्कची आतली बाजू बघा. ती कोरडी हवी.