शिंगरू हलकं जन्मलं? घोड्याला दोष देण्याआधी या चुका तपासा

घोडेबाजारात एक सल्ला फुकट मिळतो: उंच घोडा लावा, शिंगरू भरदार येईल. केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचा संकर करून 1938 साली यातली गोम दाखवली. शायर घोडीला शेटलंडपासून झालेली शिंगरं, शेटलंड घोडीला शायरपासून झालेल्यांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची निघाली. गर्भाला जागा आणि पोषण घोडीच देते. शिंगरू तिच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाचं असतं. साडेतीनशे किलोच्या घोडीला पस्तीसच्या आसपास. पहिलारू घोडीचं थोडं कमी भरतं, त्याने हिरमुसू नका.

गाभणपण अकरा महिन्यांचं, पण गर्भाचं निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन-चार महिन्यांत चढतं. आपल्याकडे नेमकी तेव्हाच घोडी कडब्यावर असते, नाहीतर गव्हाच्या कोंड्याचा मारा सुरू होतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जेमतेम. कोंडा आवरा, लसूणघास आणि खनिज मिश्रण द्या. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात. घोडी लठ्ठ केली म्हणून शिंगरू मोठं होत नाही.

दिवस भरायला महिनाभर असतानाच कास भरून दूध गळायला लागलं तर ‘दुधाळ आहे’ म्हणून खूश होऊ नका. वारेला (म्हणजे जारेला) संसर्ग किंवा पोटात जुळं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

‘जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ ही गाई-म्हशींतली समजूत घोडीला लावणं तर घातकच. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं. जार तीन तासांत पडावी. रोगप्रतिकारक शक्ती शिंगराला चिकातूनच मिळते आणि ती शोषायची आतड्याची ताकद 24 तासांत संपते.

पितंय की नाही हे नुसतं कासेखाली तोंड घातलेलं पाहून ठरवू नका. माझ्याकडचं एक शिंगरू दिवसभर कासेशी ढुशा मारायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर दुधाचे वाळलेले ओघळ दिसले आणि कास दगडासारखी ताठ. पान्हा फुटत होता, पण दूध तोंडात न जाता डोक्यावर सांडत होतं. पोर भुकेलं होतं. तेव्हापासून धान्याच्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहतो, मग शिंगरू कवेत घेऊन. फरक भिंतीवर खडूने लिहितो. दिवसाला किलोभर वाढ ठीक, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात वजन दुप्पट. दोन दिवस आकडा हलला नाही तर डॉक्टरांना फोन.

आठवड्याभराने शेण पातळ होतं, तेव्हा घरगुती औषधांची घाई नको. शिंगरू पीत आणि बागडत असेल तर ते बहुधा आपोआप थांबतं. ताप आला किंवा पिणं सुटलं तर मात्र तासभरही थांबायचं नाही.

आणि बाजारात उठून दिसावं म्हणून चार-पाच महिन्यांच्या शिंगराला चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कोंबणारे! गुडघ्याच्या वर किंवा घोट्याशी घट्ट, गरम सूज आली, चाल आखडली, की हाडांची टोकं दुखावताहेत असं समजा. चंदी लगेच कमी करा, चाऱ्यातलं कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण तपासा आणि पाय डॉक्टरांना दाखवा.